रबरी चपलांचा सल्ला

मी वायरमन आहे. बावीस वर्षांचा अनुभव. गेल्या जानेवारीपर्यंत हे मी कुणी न विचारताही सांगायचो. रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचो. आता कुणी विचारलं तरच सांगतो, आणि तेही आवाज खाली ठेवून. का, ते ऐका. फजिती माझीच आहे, त्यामुळे तिखट-मीठ लावायची गरज नाही.

आम्ही मूळचे पारोळ्याकडचे. राहायला सुरतेत लिंबायतला, कामाला इच्छापोरला. तिथे आमच्या शेठचा साड्यांचा कारखाना आहे. विणायचा नाही, विणून, रंगवून, छापून आलेल्या पॉलिस्टरच्या साड्या तिथे तपासायच्या, घड्या घालायच्या आणि पिशव्यांत भरायच्या. वीस-बावीस बायका आहेत, बहुतेक खान्देशातल्या, दोन-तीन विदर्भातल्या. मशीन, पंखे, दिवे, मोटार हे सगळं माझ्याकडे. म्हणजे कारखान्यात पुरुष दोनच, शेठ आणि मी, आणि दोघांत शहाणा कोण याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती.

त्या बायकांमध्ये माझ्या सासूबाईही आहेत. उषाबाई. सासरे वारले तेव्हा सुवर्णा, म्हणजे माझी बायको, त्यांना सुरतला घेऊन आली. दोन महिने त्या घरात बसल्या आणि तिसऱ्या महिन्यात मला म्हणाल्या, "जवाईबापू, माले कामले लावा. बसीसन हाडं दुखतस." मीच शेठकडे शब्द टाकला. तीन वर्षांत त्या तपासणीवर पोचल्या. सगळ्या बायका साडीची घडी घालून त्यांच्या हातात देतात, त्या डाग, फाट, सुटलेला धागा बघतात आणि पुढे सरकवतात. गावात त्यांना कुणी कधी हुशार म्हटलं नव्हतं. इथे शेठ स्वतः एकदा म्हणाला, "मासीनी आंख एटले आंख!" मावशीची नजर म्हणजे नजर. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी हे वाक्य सुवर्णाला तीनदा सांगितलं होतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कारखान्यात कुणी पायात चप्पल घालून मालाजवळ जात नसे. असा काही नियम लावलेला नव्हता. पण दारात चपलांचा ढीग आणि आत सगळ्या अनवाणी, पहिल्या दिवसापासून असंच. सासूबाईंचं म्हणणं, ही साडी कुणाच्या तरी लेकीच्या अंगावर जायची, एखादी ती नेसून बोहल्यावर उभी राहायची, तिच्यापाशी पायातली वहाण न्यायची कशाला? जमीन सिमेंटची, रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसलेली. थंडीत पाय गार पडायचे, पण कुणाची तक्रार नव्हती.

डिसेंबरात शेठने घडी घालायचं नवीन मशीन आणलं. साडी रबराच्या रुळांमधून सरसर येते आणि पुढे बायका ती हातात घेतात. मशीन आलं आणि थंडीही वाढली. हवा कोरडी, ओठ फुटायचे दिवस. बायका म्हणायला लागल्या, साडी अंगाला चिकटते, हातावरचे केस उभे राहतात, कापडातून चटचट आवाज येतो. फार काही नव्हतं ते. पण शेठने मला बोलावलं आणि विचारलं, "बन्सीभाई, आ शुं छे?"

आता मला मशीनचं अर्थिंग बघायला हवं होतं. बघितलं. उत्तम होतं, मीच केलेलं. टेस्टर लावला, मशीनच्या अंगात करंट नाही. इथे एखादा साधा माणूस म्हणाला असता, "शेठ, मला कळत नाही." पण बावीस वर्षांचा अनुभव असला की ते तीन शब्द तोंडातून निघत नाहीत. मी मान डोलावली, जरा वेळ छताकडे बघितलं आणि म्हणालो, "करंटचा स्वभाव आहे शेठ, त्याला रबर लागतं. सगळ्यांना रबरी चपला द्या आणि पायाखाली रबरी पट्ट्या टाका. प्रश्न मिटला."

शेठने दोन दिवसांत बावीस जोड आणले, निळ्या पट्ट्यांचे. जमिनीवर काळं रबर अंथरलं. बायकांनी कुरकुर केली, मालाजवळ चपला कशा घालायच्या म्हणून. पण शेठचा हुकूम आणि वायरमनचा सल्ला, घातल्या बिचाऱ्यांनी. मी स्वतःही घातल्या आणि ऐटीत फिरायला लागलो. फक्त सासूबाईंनी घातल्या नाहीत. जोड घेतला, कपाळाला लावला, पिशवीत ठेवला आणि पायाखालची रबरी पट्टी गुंडाळून भिंतीला टेकवली. मी रागावलो. "अहो, तुमच्या भल्यासाठी सांगतोय!" त्या म्हणाल्या, "मन्हं भलं व्हयेलच शे." जावयाला उलट उत्तर द्यायची त्यांची पद्धत अशीच, पदर डोक्यावर आणि आवाज एकदम मऊ.

दुसऱ्याच दिवसापासून खरे झटके बसायला लागले. आधी नुसती चटचट होती, आता ठिणगी. जयश्री म्हणून एक आहे, तोंडाची फटकळ, मनाने वाईट नाही. तिने घडी घातलेली साडी सासूबाईंच्या हातात दिली आणि "आई गं!" करून हात मागे घेतला. मग दुसरीलाही तसंच. मग तिसरीलाही. गंमत अशी की बायका एकमेकींना हात लावायच्या तेव्हा काही होत नव्हतं. सासूबाईंना लावला की चट्ट!

आणि इथे मी माझ्या आयुष्यातली सर्वांत वाईट गोष्ट केली. विनोद केला. चहाच्या सुट्टीत सगळ्या बसल्या होत्या. मी कपात बिस्कीट बुडवत मोठ्याने म्हणालो, "आमच्या सासूबाईंना हात लावायचा तर आधी मेन स्विच बंद करत जा. चारशे चाळीस व्होल्ट आहे तिथे. चौदा वर्षं मी खातोय!" असा हशा झाला म्हणून सांगू! सासूबाईही पदर तोंडात धरून हसल्या. मला इतकं बरं वाटलं, की तोच विनोद मी दुसऱ्या दिवशी शेठला सांगितला, टेम्पोवाल्याला सांगितला आणि घरी येऊन सुवर्णालाही सांगितला. सुवर्णा हसली नाही. "माझ्या आईबद्दल बोलताय," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, हिला विनोद कळत नाही.

संक्रांतीला आमच्याकडे सुरतेच्या रिवाजाने पतंगांची दोन दिवस सुट्टी असते. सोळा तारखेला बायका तिळगुळाचे डबे घेऊन आल्या. सासूबाईंनी आदल्या दिवशी खलबत्त्यात तीळ कुटून लाडू वळले होते. पहिला लाडू त्यांनी जयश्रीपुढे धरला. जयश्रीने हात पुढे केला, बोटं टेकली आणि ठिणगी उडालेली मला सात-आठ पावलांवरून दिसली. लाडू खाली पडला. जयश्री किंचाळली, "मावशी, तुमच्या हातात आहे तरी काय?"

त्या दिवशी कुणीही सासूबाईंच्या हातून लाडू घेतला नाही. "डबा तिथे ठेवा मावशी, आम्ही घेतो." डबा संध्याकाळपर्यंत तसाच राहिला. माझा विनोद आता विनोद राहिला नव्हता. चारशे चाळीसचं कुणी 'बाधा' केलं, कुणी म्हणालं नवरा गेल्यापासून असेल, एकीला तिच्या गावातली अशीच एक बाई आठवली. बायका साडी हातात द्यायच्या ऐवजी दुरून टाकायला लागल्या. डबा खायला बसताना त्यांच्याजवळची जागा रिकामी राहायला लागली. सगळ्यांच्या नजरेत त्या एकट्याच वेगळ्या, आणि कामाची घडी विस्कटली ती वेगळीच. अखेर चार-पाच जणी शेठकडे गेल्या. ती राहिली तर आम्ही येत नाही, म्हणाल्या.

शेठ माणूस वाईट नाही, पण भित्रा. त्याने मला बोलावलं. "बन्सीभाई, मला भांडण नको. तू वायरमन आहेस. तपासून सांग. मासीमध्ये करंट आहे का नाही?" ऐका, काय प्रश्न आहे! आणि मी काय म्हणायला हवं होतं? की शेठ, बाईमध्ये करंट नसतो, हा खुळेपणा आहे. पण मी म्हणालो, "तपासतो." कारण मला खात्री होती की टेस्टर पेटणार नाही, मी सगळ्यांसमोर सासूबाईंना निर्दोष सोडवणार आणि घरी सुवर्णा मला गरम पोळी वाढणार. इतका सरळ हिशेब होता माझा.

शनिवारी दुपारी मी तमाशा मांडला. दिवे बंद करायला लावले, म्हणजे टेस्टरमधला बारीक दिवा नीट दिसावा. बायका गोल करून उभ्या. मी निळ्या चपलांत, रबरी पट्टीवर फेऱ्या मारत, चार वाक्यांचं भाषणही केलं. मग टेस्टरच्या मागच्या टोपीवर बोट ठेवलं आणि टोक आधी जयश्रीच्या हाताला लावलं. काही नाही. आणखी दोघींना लावलं. काही नाही. मग सासूबाईंकडे वळलो. त्यांनी हात पुढे केला, तळवा वर करून, दवाखान्यात करतात तसा. मी टोक टेकवलं आणि टेस्टरमध्ये लाल उजेड चमकला. क्षणभरच, पण सगळ्यांनी बघितला.

मी पुन्हा चार पावलं फिरलो आणि पुन्हा लावला, चुकून झालं असेल म्हणून. पुन्हा चमकला. सासूबाई त्या टेस्टरकडे बघत होत्या. मग त्यांनी हात मागे घेतला आणि पदरात गुंडाळला. शेठ हळूच म्हणाला, "मासी, सोमवारथी आराम करो." मी तिथेच उभा होतो. बावीस वर्षांचा अनुभव हातात घेऊन उभा होतो आणि माझ्या बायकोच्या आईची नोकरी आणि अब्रू दोन्ही माझ्या हाताने घालवली होती.

घरी गेल्यावर सुवर्णाने मला पोळी वाढली नाही, ताट पुढे सरकवून आत गेली. सासूबाईंनी काही कुणाला दोष दिला नाही. पण रविवारी सकाळी एक गोष्ट घडली. आमची धनश्री पाचवीत आहे. तिचे केस रोज आजीच विंचरते. त्या दिवशी तेल नव्हतं लावलेलं, केस कोरडे, आणि आजीने प्लॅस्टिकची फणी फिरवली तसे ते चटचट करत फणीच्या मागे उभे राहिले. धनश्री हसायला लागली. सासूबाईंनी मात्र फणी खाली टाकली. दोन्ही हात पोटाशी घेतले आणि सुवर्णाला म्हणाल्या, "तूच विंचर माय. मी तिले हात लावाव नई." मग आत जाऊन पिशवी भरायला लागल्या. संध्याकाळच्या गाडीने गावाला जाते म्हणाल्या. पोरीला काही व्हायला नको.

मला ते सहन झालं नाही. मी चहासुद्धा न घेता निघालो, कारखान्याची किल्ली माझ्याकडे असते. मनात एकच, की कुठूनतरी त्यांच्या अंगात करंट शिरतोय, कुठेतरी वायर लीक आहे, ती शोधायचीच. शोधली तर त्या निर्दोष, मशीन दोषी.

रविवारी कारखाना बंद. मी चपला घातल्या, रबरावर चालत गेलो आणि लोखंडी मांडणीला टेस्टर लावला. चमकला! सापडलं, म्हटलं. खिडकीच्या गजाला लावला. चमकला. पाण्याच्या नळाला लावला. नळही चमकला. मी घामाघूम. एवढी गळती म्हणजे माणूस मरायचा. मी सगळे बोर्ड उघडले, पंख्यांच्या वायरी सोडल्या. काही नाही. शेवटी मेन स्विचच खाली ओढला. सगळ्या कारखान्यात एक युनिटही वीज नाही. पुन्हा रबरावरून चालत गेलो, नळाला टेस्टर लावला. चमकला.

मी खाली बसलो. खरंच सांगतो, माझी पाचावर धारण बसली. वीज बंद आणि नळात करंट! मनात आलं, बायका म्हणतात ते खरं तर नाही? आपल्या सासूबाईंच्या अंगातलं भूत पाइपातून... इतक्या खालच्या पातळीला मी पोचलो होतो. तोंड धुवायला मोरीवर गेलो. मोरी ओली होती, नव्या चपला भिजायला नको म्हणून त्या बाहेर काढल्या. तोंड धुतलं आणि सवयीने, उगाच, तिथल्या नळाला टेस्टर लावला. काही नाही. पुन्हा लावला. काही नाही. बाहेर आलो, अनवाणीच, मांडणीला लावला. काही नाही. गजाला लावला. काही नाही.

चपला घातल्या. रबरावर दहा पावलं चाललो, पडलेल्या एका साडीवर हात घासला. मांडणीला लावला. चमकला. चपला काढल्या, सिमेंटवर उभा राहिलो. काही नाही. वेड्यासारखा मी हे वीस-पंचवीस वेळा केलं. चपला घाल, चमक. चपला काढ, गप्प. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. करंट मांडणीत नव्हता, नळात नव्हता. माझ्या अंगात होता. लोखंडाला हात लावला की तो माझ्यातून तिकडे पळायचा आणि पळताना दिवा चमकवायचा.

आणि मग मला आमच्या आयटीआयचं पुस्तक आठवलं. धुळ्याला होतो मी. त्यातला पहिलाच धडा, स्थिर विजेचा. काचेची कांडी रेशमी कापडावर घासली की एकाकडचा भार दुसऱ्याकडे जातो, असं काहीतरी होतं त्यात, चित्रासकट. आमचा एक सिनियर म्हणाला होता, पहिला धडा परीक्षेत येत नाही, दुसऱ्यापासून वाच. मी वाचला नाही. त्यानंतर बावीस वर्षं मी कापडाच्या शहरात काढली, जिथे दिवसभर सगळं एकमेकांवर घासतच असतं, आणि तो धडा काही वाचला नाही.

साधी गोष्ट आहे हो. दोन वस्तू घासल्या की थोडा भार एकीवरून दुसरीवर जातो. वस्तू लोखंडाची असली तर तो भार लगेच वाट काढून जमिनीत जातो. पॉलिस्टर आणि रबर त्याला वाटच देत नाहीत, तो तिथेच बसून राहतो. दमट हवेत तो हळूहळू विरतो, म्हणून पावसाळ्यात काही होत नाही; थंडीत हवा कोरडी, म्हणून साचतो. बायका दिवसभर साड्या हाताळतात, भार अंगावर येतो. अनवाणी होत्या तोवर तो पायातून सिमेंटमध्ये जात होता, कुणाला कळतही नव्हतं. त्यांच्या पायाखाली रबर घालून ती वाट बंद केली कुणी? बन्सीलालने. वायरमनने. बाहेरून येणारा करंट अडवायला रबर लागतं हे मला ठाऊक होतं. आत साचलेला बाहेर पडायला तेच रबर आडवं येतं, हे नव्हतं.

मग सगळ्या बायका भरलेल्या. एकमेकींना हात लावला तर दोघीही सारख्याच भरलेल्या, ठिणगी उडायची कुठून? पण एक बाई अनवाणी, सिमेंटवर. तिच्या अंगात काहीच नाही. भरलेली बाई तिला हात लावते आणि सगळा भार तिच्या बोटांतून खाली पळतो, चट्ट! मीही शनिवारी तसाच भरलेला उभा होतो. जयश्री भरलेली, मी भरलेला, टेस्टर गप्प. सासूबाई रिकाम्या, टेस्टर चमकला. सगळ्या कारखान्यात ज्या एका बाईत करंट नव्हता, तिच्यात तो आहे असं मी दिवे बंद करून सिद्ध करून दाखवलं होतं.

आणि ठिणगी उडते तेव्हा दोघांनाही चावते. हे लक्षात आलं आणि मी त्या रिकाम्या कारखान्यात कपाळावर हात मारून घेतला. एकेकीला झटका बसत होता तो एका सासूबाईंचा. सासूबाईंना बसत होता तो वीस जणींचा, दिवसभर, तीन आठवडे. त्यांनी एकदाही हूं की चूं केलं नाही. त्यांना वाटत होतं, हे आपल्यातूनच निघतंय, मग तक्रार कुणाची करायची?

मी घरी पळत आलो. त्यांची पिशवी दाराशी ठेवलेली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कागदाचे कपटे केले, तीच प्लॅस्टिकची फणी माझ्या केसांतून फिरवली, आहेत ते चार केस, आणि कपटे उचलून दाखवले. सुवर्णाच्या हातून फिरवली, तिनेही कपटे उचलले. "बघा, फणी आणि केस घासले की होतं असं. कुणाच्याही हातून होतं. तुमच्यात काही नाही. सगळी चूक माझी. चपला माझ्या, तो चारशे चाळीसचा विनोद माझा. मला माफ करा."

सासूबाईंनी दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे बघितलं. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "जवाईबापू, तुम्ही हसाडं तवय माले काही वाटनं नई. जवाई हसाडसच. पन तो दिवा पेटना ना, तवय मीबी खरं मानं. तुम्ही इतला शिकेल. तुमना दिवा खोटा कसा व्हई?"

माझ्या शहाणपणावर या जगात मनापासून विश्वास ठेवणारी एकच व्यक्ती होती, आणि ती ही. मी नुसता मान खाली घालून बसलो.

"माले काय सांगतस?" त्या पुढे म्हणाल्या. "जठे दिवा दखाडा, तठे सांगा."

सोमवारी मी त्यांना टेम्पोत माझ्याशेजारी बसवून नेलं. बायका आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होत्या. मी शेठला म्हटलं, पाच मिनिटं द्या, मशीन चालू करू नका. दिवे बंद केले. सगळ्या चपलांत, रबरावर. मी चपला काढल्या आणि सिमेंटवर उभा राहिलो. जयश्रीला म्हटलं, एक साडी हातावर घास आणि हात पुढे कर. टेस्टर लावला. चमकला. जयश्रीने "अगंबाई!" करून दोन उड्या मारल्या. दुसरीला लावला, चमकला. तिसरीला, चौथीला. शेठने रबरी तळाचे बूट घातले होते, त्यालाही लावला, आणि शेठच्या अंगातून करंट निघालेला बघून बायकांच्या तोंडाला पदर लागले. शेवटी सासूबाईंना लावला. काही नाही. तीनदा लावला. काही नाही.

"आता सांगा," मी म्हणालो, "बाधा कुणाला आहे? सगळ्यांना? शेठलाही?"

मग मी सांगितलं. पुस्तकातला पहिला धडा वाचला नव्हता इथपासून. चपला माझ्या डोक्यातून निघाल्या, मला काही कळत नव्हतं आणि तसं म्हणायची हिंमत नव्हती. शनिवारी जो दिवा चमकला तो माझ्या अंगातला होता. आणि तो घाणेरडा विनोदही माझा. बोलताना माझा आवाज फाटला. एक बाई फिस्सकन हसली, मग बऱ्याच हसल्या. बरोबर होतं त्यांचं. चपलांचा खर्च आठवून शेठ म्हणाला, "अरे बन्सीभाई, बावीस जोडी चंपल लेवडावी तें!" मग त्याने स्वतःचे बूट काढले आणि सासूबाईंना म्हणाला, "मासी, भूल थई गई."

बायका चपला काढायला लागल्या. जयश्रीने तिच्या काढून लाथेने बाजूला ढकलल्या, सिमेंटवर आली आणि सासूबाईंसमोर हात धरला. "मावशी, चुकले मी. द्या हात."

सासूबाईंचे हात पदरातच होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, काही होणार नाही म्हणून. रविवारी इतकं समजावून सांगितलं होतं, आत्ता डोळ्यांनी दाखवलं होतं, तरी त्यांनी डोळे घट्ट मिटले, ओठ आवळले आणि एक बोट हळूच पुढे केलं. मला तेव्हा समजलं की माझ्या हातून काय झालं होतं. जयश्रीचा हात लागला. काही नाही. सासूबाईंनी डोळे उघडले. मग दुसरं बोट, मग पूर्ण तळवा, आणि मग दोन्ही हातांनी जयश्रीचा हात धरला.

मी दिवे लावले. मशीन चालू झालं, साड्या यायला लागल्या आणि जयश्रीच्या जागेवर ढीग साठायला लागला. "मावशी, सोडा आता," ती म्हणाली, "माझं काम पडलंय."

"थांब वं जराशी," सासूबाई म्हणाल्या आणि तो हात त्यांनी धरूनच ठेवला.